तारण : कृपा की मेहेरबानी?

'कृपा' या शब्दाशी आपले जुने वैर आहे. गावगाड्यात पाटलाची कृपा असे, सावकाराची कृपा असे, आणि देवळाच्या पायरीखाली उभ्या असलेल्याच्या ओंजळीत वरून टाकलेला प्रसाद हीदेखील कृपाच असे. जिच्यावर कृपा झाली त्या माणसाने मान खाली घालायची, हा तिचा अलिखित कायदा. आंबेडकरी चळवळीने घाव घातला तो या कायद्यावर. दया नको, हक्क हवेत, ही जाणीव एकदा रक्तात उतरली की कोणी काही फुकट देऊ लागला तर माणूस आधी देणाऱ्याच्या हाताकडे संशयाने पाहतो. त्यामुळे देवाचे प्रेम विनामूल्य आहे, तारण ही देणगी आहे, ती कमावण्यासाठी माणसाला काहीच करता येत नाही, असे ख्रिस्ती उपदेशक सांगू लागला की आपल्या कार्यकर्त्याच्या कपाळावर आठी पडते. पुन्हा कोणी तरी वर, आणि पुन्हा आपण हात पसरून खाली!

रेव्हरंड ना. वा. टिळकांची कविता शिकवताना एका विद्यार्थ्याने मला सरळच विचारले, "सर, न कमावलेले तारण म्हणजे भीकच ना?" त्याच्या विचारण्यात टवाळी नव्हती. हा प्रश्न आपल्या पुष्कळांच्या मनात असतो. पण त्याचा निकाल लावण्यापूर्वी ख्रिस्ती माणूस या शब्दांतून नेमके काय म्हणतो ते त्याच्या बाजूने समजून घेतले पाहिजे. मी ख्रिस्ती नाही. बौद्ध घरात वाढलो. आजीच्या माहेरची माणसे मात्र नगर जिल्ह्यातली ख्रिस्ती. त्यामुळे 'जय भीम' आणि 'जय ख्रिस्त' हे दोन्ही आमच्या ओट्यावर ऐकू येत आणि त्यावरून भांडण झालेले मला आठवत नाही.

प्रथम शब्दच पाहू. मराठी ख्रिस्ती परंपरेत रुळलेला शब्द 'मोक्ष' नाही, 'तारण' आहे. मोक्ष म्हटले की जन्ममरणाचा फेरा, पूर्वसंचित, कर्मविपाक हे सगळे त्याच्यामागून आत शिरते. तारणात बुडणारा माणूस आहे आणि त्याला बाहेर काढणारा कोणी आहे. याच शब्दाचा दुसरा अर्थ आपल्या वाडवडिलांना अधिक परिचयाचा होता. कर्जासाठी सावकाराकडे जे अडकवून ठेवायचे तेही तारणच. योगायोग असा की पौलाच्या ग्रीक पत्रांत तारणासाठी जे शब्द येतात त्यांतला एक नेमका या व्यवहारातला आहे : किंमत मोजून गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडवणे. म्हणजे रोमन साम्राज्यात हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा ऐकणाऱ्या गुलामाला तो मरणोत्तर स्वर्गाचा वाटण्याआधी बाजाराचा वाटला असणार.

सिद्धांत थोडक्यात असा. देवाने माणूस स्वतःच्या प्रतिरूपात घडवला. म्हणून प्रत्येक माणसाची प्रतिष्ठा जन्मजात आहे. माणूस देवापासून आणि शेजाऱ्यापासून तुटला, या तुटण्याला पाप म्हणायचे. चोऱ्यामाऱ्या, खोटेपणा ही त्या तुटण्याची फळे. ही दरी माणसाला आपल्या बाजूने, व्रतांनी, दानांनी किंवा पुण्याच्या साठ्याने भरून काढता येत नाही. म्हणून देव स्वतः येशूच्या रूपाने माणसात आला, वधस्तंभावर मेला आणि उठला. माणसाने करायचे ते एवढेच, की हे दिलेले स्वीकारायचे. या स्वीकारण्याला विश्वास म्हणतात. देव प्रेम का करतो, याला माणसाच्या गुणांत कारण शोधायचे नाही. तसे कारण सापडलेच तर ते प्रेम पात्रतेचे बक्षीस ठरेल.

पात्रता हा शब्द इथे मुद्दाम वापरतो आहे. ज्यांच्या पात्रतेचा हिशेब जन्माच्या आधीच कोणी तरी मागच्या जन्माच्या वहीत मांडून ठेवला होता, त्यांच्या कानाला 'पात्रता विचारली जात नाही' हे वाक्य कसे लागले असेल याची कल्पना करावी. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि आपला धर्म तरी कोणता असा प्रश्न देवालाच केला. हे पत्र अमेरिकन मराठी मिशनचे, १८४२ साली अहमदनगरात (आजचे अहिल्यानगर) सुरू झालेले. मुक्ताने ख्रिस्ती उत्तर मागितले नव्हते. पण तिचा प्रश्न छापला जाण्यासाठी कागद तिथे मिळाला, हे नोंदवून ठेवले पाहिजे.

येशूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दृष्टांत या सिद्धांताचे सार आहे असे मला वाटते. एक मळेवाला पहाटे नाक्यावर जाऊन मजूर आणतो आणि रोजचा एक दिनार ठरवतो. मग सकाळी उशिरा जातो, दुपारी जातो, तिसऱ्या प्रहरी जातो. दिवस मावळायला तासभर उरला असताना पुन्हा जातो, तर काही माणसे अजून उभीच. दिवसभर रिकामे का, असे विचारल्यावर ती म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलेच नाही. संध्याकाळी मजुरी वाटताना तो शेवटच्यांनाही पुरा दिनार देतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात.

मध्यमवर्गीय प्रवचनात हा दृष्टांत मत्सरावरचा उपदेश होऊन बसतो. नाक्यावर उभे राहिलेल्या माणसाला तो वेगळा दिसतो. नाक्यावर शेवटपर्यंत कोण उरतो? म्हातारा, आजारी, अशक्त, आणि ज्याला मुकादम ओळखून टाळतो तो. माझी आजी १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला जात असे. मजुरी मापावर होती. जेवढी खडी, तेवढे पैसे. अंगात ताप असला तर माप कमी भरे आणि त्या दिवशी घरातली भाकरीही कमी होई. माप न्याय्य होते, कागदावर. दिनार म्हणजे एका कुटुंबाचा एका दिवसाचा निर्वाह, एवढे लक्षात ठेवले की मळेवाल्याने काय केले ते कळते. त्याने माप बाजूला ठेवले आणि पोट पाहिले. ख्रिस्ती भाषेत कृपा म्हणतात ती ही. अर्थात याच दृष्टांतात मळेवाला असेही विचारतो, की माझ्या पैशाचे मी हवे ते करू नये काय? हे वाक्य आपल्याला टोचते आणि टोचलेच पाहिजे. जमीनमालकाच्या मर्जीवर उभा असलेला न्याय कितीही उदार असला तरी त्याखाली आपले अनुभव दबलेले आहेत.

येशूच्या मरणाने माणूस तरतो तो कसा, याबद्दल ख्रिस्ती पंडितांचे कधीच एकमत नव्हते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी माहीत नाही. आरंभीच्या शतकांत ते मरण म्हणजे सैतानाच्या कैदेतून सोडवणारी खंडणी मानले जाई. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने निराळी मांडणी केली : पापामुळे देवाचा मानभंग झाला, त्याची भरपाई माणसाच्या आवाक्याबाहेरची म्हणून देवानेच माणूस होऊन ती केली. सरंजामी युरोपात सरदाराची अब्रू आणि रयतेचे देणे हेच जगण्याचे नियम होते. अँसेल्मच्या देवावर त्यांची सावली स्पष्ट दिसते. फ्रान्समधल्या आबेलार्डला हे पटले नाही. बाराव्या शतकात त्याने लिहिले ते असे, की वधस्तंभावरचे प्रेम पाहून माणसाचे अंतःकरण वळते आणि त्यातच तारण आहे. सोळाव्या शतकात कॅल्व्हिनने कोर्ट उभे केले; न्यायाधीश, आरोपी आणि आरोपीच्या जागी शिक्षा भोगणारा निरपराध. गावोगावचे उपदेशक बहुधा हे शेवटचे चित्र रंगवतात, आणि ऐकणाऱ्याला वाटते की ख्रिस्ती धर्म म्हणजे एवढेच.

पण माझ्या मते खरा गाभा या सर्वांच्या आधीचा, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याचा आहे, आणि तो एका पंगतीत सापडतो.

अंत्युखिया हे सीरियातले मोठे शहर. तिथल्या मंडळीत यहुदी आणि परराष्ट्रीय, दोन्ही प्रकारचे लोक येशूला मानू लागले होते आणि एकत्र जेवत होते. येशूचा ज्येष्ठ शिष्य पेत्र तिथे आला आणि तोही त्यांच्यात बसून जेवू लागला. मग यरुशलेमहून याकोबाकडची काही माणसे आली. त्यांच्या धास्तीने पेत्राने हळूहळू परराष्ट्रीयांच्या पंगतीतून अंग काढून घेतले. त्याचे पाहून इतर यहुदीही उठले; पौलाचा जिवलग सहकारी बर्णबासुद्धा उठला. पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला तोंडावर सुनावले. ही हकीकत त्याने स्वतः गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात दिली आहे, आणि ती सांगता सांगताच तो त्या विधानावर येतो ज्यावर पुढे अर्धा युरोप उभा राहिला : माणूस नियमशास्त्राच्या कर्मांनी नीतिमान ठरत नाही, विश्वासाने ठरतो. ही कर्मे कोणती? सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध, शब्बाथ. कोण कोणाबरोबर जेवू शकतो हे ठरवणाऱ्या खुणा त्या.

म्हणजे 'कृपेने तारण' या सिद्धांताची ही जुनी लेखी मांडणी एका रोटीव्यवहाराच्या भांडणातून आली आहे. १५१७ साली मार्टिन ल्यूथरने पापक्षमेच्या विक्रीपत्रांविरुद्ध आवाज उठवला, तेव्हापासून हा सिद्धांत एकेकट्या माणसाच्या अपराधी मनाचे औषध म्हणून वाचला गेला. ते वाचन खोटे नाही. पैसे मोजून क्षमा विकणाऱ्या भटशाहीला त्याने हादरा दिला. परंतु स्वीडनचा क्रिस्टर स्टेंडाल याने १९६३ साली आणि अमेरिकेतल्या ई. पी. सँडर्सने १९७७ साली दाखवून दिले, की पौलाला छळणारा प्रश्न खाजगी अपराधभावनेचा नव्हता. देवाच्या लोकांत कोणाला धरायचे आणि कोणत्या अटीवर, हा होता. देवाने पात्रता न विचारता सर्वांना घेतले असेल तर ताटाला ताट लावून बसताना ती विचारण्याचा अधिकार पेत्रालाही नाही, हा पौलाचा युक्तिवाद. करिंथच्या मंडळीत श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, तेव्हाही त्याने हेच सुनावले : हे प्रभुभोजन नव्हे.

इथे एक सावधगिरी. यहुद्यांचे आहारनियम म्हणजे अस्पृश्यता, असे समीकरण आपण मांडू नये. ते रोमच्या टाचेखालच्या एका लहान समाजाचे स्वत्व टिकवण्याचे साधन होते. वरच्या जातीने खालच्या जातीला पाण्यापासून तोडण्याचे नव्हते. साम्य फक्त पंगतीतून उठण्याच्या त्या क्षणापुरते आहे. पण तो क्षण आपल्याला पुरेसा ओळखीचा आहे.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. भीक आणि कृपा यांत फरक कुठे? भिकेत देणारा माणूस असतो आणि घेणारा माणूस असतो; एक वर, एक खाली. ख्रिस्ती सिद्धांत सांगतो की देणारा फक्त देव, घेणारे सगळेच. बिशप घेणारा, पाटील घेणारा, गावकुसाबाहेरचाही घेणारा. माणसांमाणसांत दाता उरतच नाही. सिद्धांत म्हणून ही गोष्ट समतेची आहे, आणि भारतात तिचा घात झाला तो नेमका इथे : देवाच्या जागी मिशनरी दाता होऊन बसला आणि पुढे चर्चमधला उच्चवर्णीय धर्मांतरित त्याच्या शेजारी बसला.

इतिहास उघड आहे. रॉबर्ट डी नोबिली १६०६ साली मदुराईला आला आणि ब्राह्मण संन्याशाच्या वेषात राहू लागला; खालच्या जातींशी संपर्क तोडल्याशिवाय वरच्या जाती ऐकणार नाहीत असा त्याचा हिशेब. १६२३ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी ब्राह्मण ख्रिस्त्यांना जानवे आणि शेंडी ठेवण्याची मुभा दिली. पुढे त्या मिशनमध्ये उच्च जातींसाठी वेगळे आणि इतरांसाठी वेगळे धर्मगुरू नेमले गेले. हिशेबात धर्मप्रसार बसला, पंगत मोडली. तमिळ प्रदेशातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही वेल्लाळांची बैठक वेगळी आणि परैयांची वेगळी. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी चर्चमधून जातिभेद ताबडतोब आणि कायमचा काढून टाकण्याचा आदेश दिला, तेव्हा कित्येक वेल्लाळ कुटुंबे चर्च सोडून गेली. तारण सोडणे त्यांना परवडले, जात सोडणे परवडले नाही. गोव्यात बामण, चार्दो आणि सुदिर ही विभागणी बाप्तिस्म्याच्या पाण्यात विरघळली नाही. चर्चमधल्या काही कोंफ्रारियांतदेखील ती टिकून राहिली.

नगरकडे चित्र निराळे होते, कारण तिथल्या मंडळ्यांत बहुसंख्य महार आणि त्यांच्या जोडीला मांग. १८७६ ते ७८ आणि पुन्हा शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली. गावाने त्यांना 'बाटगे' म्हटले, भाकरीसाठी धर्म विकला म्हणून हिणवले. भाकरीसाठी धर्म सोडला हे हिणवणाऱ्यांना दिसले. ज्या धर्मात राहून भाकरी मिळत नव्हती त्या धर्माविषयी त्यांनी काही म्हटले नाही. प्रभुभोजनात भाकर मोडून वाटणारा धर्म भाकरीपासून सुरू झाला तर त्यात लाज कसली?

एवढे सगळे मान्य करूनही बाबासाहेबांचे आक्षेप उरतात, आणि ते ख्रिस्ती मित्रांनी टाळू नयेत. १९३८च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती लोकांसमोर बोलताना त्यांनी दक्षिणेतल्या चर्चमधल्या जातिभेदावर बोट ठेवले आणि भारतीय ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढत नाही हेही सांगितले. धर्मांतरितांच्या स्थितीवरील त्यांचे लेखन निधनानंतर प्रकाशित झाले. त्यातला मुद्दा सिद्धांतालाच भिडतो. अस्पृश्य ख्रिस्त्याला शिकवले जाते की तुझी दुर्गती पापामुळे आहे. मग ज्या समाजरचनेने त्याला चिरडले ती बदलण्याची ऊर्मी त्याच्यात येणार कुठून? आणि १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात तर भेदाची रेषाच आखली आहे : बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही, ख्रिस्त मात्र स्वतःवर विश्वास ठेवण्याची अट घालतो.

पहिल्या आक्षेपाला उत्तर देण्याचा प्रयत्न खुद्द दलित ख्रिस्त्यांनी केला. १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी शूद्रांच्या ईश्वरशास्त्राची मांडणी केली. पुढे मद्रासच्या गुरुकुल संस्थेत त्यांनी दलित ईश्वरशास्त्राचा विभाग सांभाळला. अमेरिकेत जेम्स कोन यांनी १९६९ सालीच काळ्यांच्या सत्तेचा आणि ख्रिस्ताचा संबंध जोडला होता. निर्मल यांचे म्हणणे असे, की पाप म्हणजे जात आणि देव म्हणजे सेवकाचे, भंग्याचे, झाडूवाल्याचे काम करणारा. ज्याचे शरीर मोडले गेले त्याला 'दलित' हाच शब्द लागू पडतो. तारण मग पापी दलिताचे आत्म्यापुरते राहत नाही. ज्याच्यावर पाप झाले त्याचे ते पृथ्वीवरचे तारण होते. माझ्या मते या मांडणीने बाबासाहेबांच्या पहिल्या आक्षेपाची धार बरीच कमी होते.

दुसरा आक्षेप मात्र जागच्या जागी आहे, आणि तो मिटवण्याची घाई करू नये. बुद्धाच्या वाटेवर चालायचे ते आपल्या पायांनी. ख्रिस्ती माणूस म्हणतो, पायच मोडले असतील तर कोणी तरी उचलून घ्यावे लागते. हे दोन अनुभव माणसाचे दोन वेगळे अंदाज आहेत. चळवळीला पहिल्याची गरज रोज असते. पण खैरलांजीसारख्या (२००६) घटनेनंतर ज्या घरात रडायलाही माणूस उरत नाही, तिथे 'स्वतःच दीप हो' हे वाक्य सांगायला माझी जीभ अडखळते. तिथे दुसरे काय सांगावे हे मला ख्रिस्ती धर्मातही सापडलेले नाही. एवढेच जाणवते, की त्याचा देव त्या घरात बाहेर उभा राहत नाही, मेलेल्यांत पडलेला असतो.

फुकट म्हणजे स्वस्त नव्हे, हेही त्याच परंपरेतला एक माणूस सांगून गेला. जर्मन पाद्री डिट्रिख बोन्हॉफरने १९३७ साली 'स्वस्त कृपे'वर टीका केली : आज्ञापालनाशिवाय क्षमा वाटणारे चर्च कृपा बाजारभावाने विकते. हिटलरविरोधी कटात सामील असल्यावरून त्याला एप्रिल १९४५मध्ये फाशी दिले गेले. आपल्याकडच्या चर्चला ही कसोटी लावायला कोणी परका नको. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये जातिभेद आहे हे स्वतःच कबूल केले. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला २०२२ साली कार्डिनल झाले. त्या पदावर पोचलेले ते पहिले दलित. डी नोबिलीपासून मोजले तर चारशे सोळा वर्षे.

शासनाचा समज मात्र चर्चपेक्षा भाबडा आहे. १९५०च्या अनुसूचित जाती आदेशाने ही सवलत हिंदूंपुरती ठेवली. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध तीत आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेर राहिले. न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली धर्माची अट काढण्याची शिफारस केली, ती अंमलात आली नाही. २०२२ साली न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला. बाप्तिस्मा घेतला की जात संपते, असे या आदेशात गृहीत धरले आहे. गावात ती संपत नाही, दफनभूमीत संपत नाही, फक्त दाखल्यावर संपते. त्यामुळे विनामूल्य तारणाची किंमत शिष्यवृत्तीच्या रकान्यात भरावी लागते. दर जूनमध्ये प्रवेशाचे अर्ज तपासताना मला अशी मुले भेटतात : दाखल्यावर हिंदू मांग, गळ्यात काही नाही, दप्तराच्या आतल्या कप्प्यात छोटा नवा करार. मी दाखला पाहतो, शिक्का मारतो आणि पुढचा अर्ज घेतो.